बाबांशी भांडण्याचा मान

निवृत्त झालेल्या माणसाला पहिली गोष्ट कळते ती ही, की आपलं घर आपल्यावाचून उत्तम चालत होतं. कळंबच्या महाविद्यालयात मी आयुष्यभर इतिहास शिकवला. सकाळी बाहेर पडायचो, संध्याकाळी परतायचो. दुपारी घरात काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि काही चालत असेल अशी शंकाही नव्हती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबा ऐंशीच्या पुढचे. दुपारी झोपत असतील, असं मी गृहीत धरलं होतं. मग मी शाल, श्रीफळ आणि मला न ओळखणाऱ्या एका गृहस्थांचं माझ्याविषयीचं भाषण घेऊन घरी बसलो. पहिल्याच आठवड्यात समजलं, की माझे वडील रोज दुपारी एका माणसाशी भांडतात.

भांडणाचा विषय एकच : येशू देव होता की नव्हता.

आमचं घर ख्रिस्ती. कळंबमध्ये आम्ही इतके थोडे, की उपासनेला सगळे आले तरी अर्धी सतरंजी रिकामी राहते. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येतात. एरवी बाबाच उपदेश करतात. ते शाळामास्तर होते आणि अजूनही समोरच्याला मागच्या बाकावर बसलेला समजून बोलतात. येशू देव आहे, हे ते नुसतं मानत नाहीत. ते सिद्ध करतात, ओळीनं वचनं लावून, गणित सोडवल्यासारखं.

समोरचा पक्ष म्हणजे हाजीसाहेब. मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्यबाजारात, त्यांची आडत आहे. शेतकऱ्यानं आणलेली तूर, सोयाबीन ते व्यापाऱ्याला विकून देतात आणि मधली आडत घेतात. सौदे उरकले, जेवण झालं, की ते आमच्याकडे येतात. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, तरी येतात ते पांढऱ्या लांबलचक गाडीतून. आमच्या बोळात गाडी वळत नाही, म्हणून ती आधी मारुतीच्या पारापर्यंत जाते आणि तिथून मागं मागं सरकत येते. चालत निघालेला माणूस त्यांच्या आधी पोचेल. अत्तर मात्र गाडीच्याही आधी पोचतं.

बाबा सकाळी दाढी करत नाहीत. दुपारी करतात. हे लक्षात आलं तेव्हाच मला कुठंतरी टोचलं.

ओसरीत दोन खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल. आतल्या खोलीत पडद्याआड मी वर्तमानपत्र धरून बसायचो आणि त्याचं एकच पान तास तासभर वाचायचो. पहिल्या दिवशी ऐकलं ते असं :

"मास्तर, तुमचं म्हणणं आधी मी सांगतो. चुकलं तर थांबवा," हाजीसाहेब म्हणाले. त्यांचा तो नियमच होता. दुसऱ्याचा मुद्दा त्याला पटेल असा मांडल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. "खाटेवरचा लुळा माणूस. दोस्तांनी छप्पर उचकटून त्याला खाली सोडला. ईसा अलैहिस्सलाम, म्हंजे तुमचे येशू, त्याला म्हणाले, तुझे गुन्हे माफ. बराबर?"

"बरोबर."

"आन तिथं बसलेले मौलवी..."

"शास्त्री."

"तेच. त्यांच्या पोटात दुखलं. म्हणाले, गुन्हे माफ करणारा खुदा एकटा, हा कोण लागून गेला? बराबर?"

"बरोबर. आणि ते शास्त्री येडे नव्हते, हाजीसाहेब. दावा केवढा मोठा आहे ते त्यांना आपल्या आधी कळलं."

"आता माझं ऐका. तौबा, मिसाल म्हणून सांगतो. शेतकऱ्याची तूर मी विकतो. भाव मी करतो, पावतीवर सही माझी. व्यापारी सलाम मला करतो, शेतकऱ्याला तो वळखत बी न्हाय. म्हणून काय तूर माझी झाली? शेत माझं झालं? ज्याला पाठवलं तो पाठवणाऱ्याच्या हक्कानं बोलतो. माफीचा हुकूम वरून आलेला. ईसा लई थोर, आमच्यात बी थोर. पण मालक न्हाईत, मास्तर. मालकानं पाठवलेले हायेत."

 पडद्याआड मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, कारण उत्तर मला येत होतं.

"तुम्हाला मालक समजून कुणी पाया पडलंय कधी?" बाबांनी विचारलं.

"पडला होता की. व्यापाऱ्याचा नवा मुनीम. मी म्हणालो, अरे ऊठ, मालक तिकडं बिडी वढत बसलाय."

"प्रामाणिक माणूस हेच म्हणतो. येशूच्या पट्टशिष्यानं हेच केलं. एक रोमी सुभेदार त्याच्या पायावर पडला, तर म्हणाला, ऊठ, मीबी माणूसच आहे. शेवटच्या पुस्तकात देवदूतानंसुद्धा हेच केलं. म्हणाला, मला नमन करू नकोस, देवाला कर. आता तुम्ही सांगा. वादळ शांत झाल्यावर होडीतली सगळी माणसं येशूच्या पाया पडली, तेव्हा तो का न्हाई म्हणाला, उठा? संशय घेणारा तो शिष्य जखमा बघून म्हणाला, तू माझा प्रभू, माझा देव. तेव्हा का न्हाई म्हणाला, अरे, मालक तिकडं आहे?"

हाजीसाहेब काही बोलायच्या आत असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. आमच्या गल्लीतल्या मशिदीची अजान अशी नेमकी होते, की जो हरत असेल तो वाचतो.

"ह्या मुद्द्यात थोडी ओल हाय," हाजीसाहेब उठत म्हणाले. "पण दाणा भरलेला हाय, मास्तर. कबूल करतो. उद्या बघू."

बाबा हसले. माझ्या वडिलांना असं हसताना मी आईच्या वेळेनंतर पाहिलं नव्हतं.

मला झोंबलं ते हसू नव्हे. झोंबला तो देवदूत. ते उदाहरण माझं होतं.

मी शाळेत होतो तेव्हा बाबा सायकलवरून खेड्यापाड्यांत प्रार्थनेला जायचे आणि मला मागं कॅरिअरवर बसवून न्यायचे. वाटेत एक खेळ असायचा. जाताना बाबा अविश्वासी व्हायचे आणि मी येशूची बाजू लढवायची. येताना मी अविश्वासी आणि बाबा उत्तरं द्यायचे. मांजरा नदीच्या पुलावर जाताना एकदा मी देवदूताचं ते वचन काढलं. बाबांनी सायकल थांबवली, एक पाय कठड्याला टेकवला आणि वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "हे मी नव्हतं सांगितलं तुला," म्हणाले. "न्हाई. मीच शोधलं," मी म्हणालो. पुढं खेडं येईपर्यंत सायकल नेहमीपेक्षा वेगात चालली होती.

त्या खेळात खोट एकच. येतानाची बाजू माझ्या अंगात जास्त मुरली. संभाजीनगरला शिकायला गेलो, पुस्तकं वाचली, आणि सुट्टी संपवून परतताना एकदा कळंबच्या स्टँडवर मी बाबांना सांगून टाकलं, की येशू चांगला माणूस होता यापलीकडे आता मला काही म्हणता येत नाही. मी भांडणाच्या पूर्ण तयारीनं गेलो होतो. दोन्ही बाजूंची वचनं तोंडपाठ होती. बाबांनी ऐकून घेतलं. गाडी लागली. ते म्हणाले, "डबा घेतलास का?"

बस्स. त्यानंतर आमच्यात त्या विषयावर शब्द नाही. मी उपासनेला यायचो, गाणी म्हणायचो, नाताळाला तारा टांगायचो. ते मला काही विचारायचे नाहीत. पिकं, पगार, नातलग, रक्तदाब, सगळं बोलायचो. आणि इकडे मी मांजरेच्या पुलावर शोधलेला देवदूत ते मोंढ्यातल्या एका माणसासमोर उभा करत होते.

मत्सराला एकदा वाट मिळाली की पुरावे आपोआप गोळा होतात. बाबांनी चहातली साखर कमी करावी म्हणून मी वर्षानुवर्षं कंठशोष केला होता. हाजीसाहेबांना मधुमेह निघाला आणि बाबांनी साखर सोडली, सोबत म्हणून. आईच्या वेळचे सोनेरी काठाचे कप मला कधी मिळाले नाहीत, ते दुपारी बाहेर येत होते. नाताळात मोठ्या शहरातून एक वक्ते आले होते, गळ्यात रेशमी पट्टा, हातात बिनतारी माईक. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवत येशूच्या देवत्वाचे पुरावे मांडले आणि प्रत्येक पुराव्याला टाळ्या मागितल्या. बाबा पहिल्या रांगेत बसून शांतपणे झोपले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "समोर न्हाई म्हणणारा कुणी नसला, तर हो म्हणण्यात काय हशील?" न्हाई म्हणणारा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असावं.

बायकोच्या नजरेतून हे सुटलं नाही. "अहो, बाबांनी सवत आणल्यासारखं काय करताय?" ती म्हणाली.

"मी काय केलं?"

"पेपर उलटा धरलाय."

शेजारच्या काकू कढीपत्ता न्यायला आल्या होत्या. त्यांच्या घरी शेती, देव्हारा भरलेला, आणि आमच्या ओसरीतला वाद त्यांनी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेला. त्या म्हणाल्या, "म्या म्हंते, देव हाय म्हणून सोडून का देत न्हाईत? आमच्यात तेहतीस कोटी हायेत. एक वाढला तर कुणाला जागा कमी पडनार हाय?" बायको हसली. मला हसू आलं नाही. मला ते दोघं तो विषय सोडतील याची काळजी नव्हती. ते माझ्यावाचून तो धरून बसलेत, हे दुखणं होतं.

म्हणून एका दुपारी मी पडदा सारून बाहेर गेलो.

हाजीसाहेबांची पाळी होती. त्यांनी त्या दिवशी ताकदीचा माल आणला होता. कुणीतरी येशूला उत्तम गुरुजी म्हणतो, तर तो म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस, उत्तम तर देव एकटा. आणि जगाच्या शेवटच्या घटकेबद्दल म्हणतो, ती बापालाच माहीत, मुलालाही नाही. "जो म्हणतो मला ठाव न्हाई, तो सगळं जाणणारा कसा?" हाजीसाहेबांनी विचारलं. बाबा वचन शोधत पानं उलटत होते. मी दाराला टेकून म्हणालो, "दोघांचाही पायाच कच्चा आहे. येशूच्या चार चरित्रांतल्या ज्या चौथ्या शुभवर्तमानावर बाबांची मदार आहे, ते घटनेनंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेलं. येशूच्या तोंडची वाक्यं त्याची की लिहिणाऱ्याची, हे कुणी सांगावं? मूळ माणूस असं काही म्हणालाच नसेल, तर हा वाद कशावर चाललाय?"

माझ्या वर्गात या वाक्यांवर मुलं माना डोलवायची. ओसरीत दोन म्हातारे माझ्याकडे पाहत राहिले, जणू बुद्धिबळाच्या पटाशी येऊन मी राजा खिशात घातला होता.

बाबांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता उत्तर येणार. ते म्हणाले, "पाणी आण रे हाजीसाहेबांना."

हाजीसाहेबांनी मात्र माझी गय केली, आणि ते अधिक वाईट होतं. "बसा, प्रोफेसर," ते म्हणाले. "तुम्ही जे हत्यार काढलं, ते माझ्याकडं बी हाय. आमच्यात तर पोरगंसोरगं सांगतं, की ते पुस्तक पुढं बदललं. मी ते इथं काढत न्हाय. पहिल्याच दिवशी मास्तरांना शब्द दिलाय, तुमच्याच पुस्तकातून बोलीन."

"का? एका फटक्यात जिंकाल."

"जिंकून काय करू?" ते म्हणाले. "उद्या दुपारी कुठं जाऊ?"

बाबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून दिसते. मी पाणी आणलं. त्यानंतर पडद्याआड बसणंही नको वाटायला लागलं, तरी बसत होतोच.

मग हाजीसाहेबांचे गुडघे माझ्या मदतीला आले. डॉक्टरनी शस्त्रक्रिया सांगितली. त्यांची मुलगी सोलापूरला असते, तिनं वडिलांना तिकडेच नेलं, आणि बरं वाटेपर्यंत तिथंच ठेवून घेतलं. बोळात गाडी मागं मागं येणं थांबलं. मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. बाबांना वाटलं नाही. त्यांनी दुपारची दाढी सोडली. कप कपाटात गेले. ते ओसरीत बसायचे, पुस्तक उघडायचे, एखाद्या वचनावर बोट ठेवायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पुस्तक मिटायचे.

मी त्या खुर्चीत जाऊन बसलो.

"काय?" बाबा म्हणाले.

"हाजीसाहेबांची बाजू मी मांडतो. मुद्दा राहिलाय ना, मुलालाही घटका ठाऊक नाही?"

बाबांनी मला वरून खाली न्याहाळलं. "मांड."

मी मांडला. व्यवस्थित मांडला, हाजीसाहेबांपेक्षा टापटीप. बाबांनी ठरलेलं उत्तर दिलं : देव माणूस झाला तो खरोखरीचा झाला, सोंग म्हणून नव्हे, माणसाची भूक घेतली, तहान घेतली, तसं माणसाचं न कळणंही घेतलं. मी प्रतिप्रश्न केला. त्यांनी त्याचंही उत्तर दिलं आणि जांभई दिली. दोन-तीन दुपारी असंच चाललं. मग ते म्हणाले, "राहू दे. तुला कंटाळा येत असंल."

"मला नाही येत. तुम्हाला येतोय."

"तू वकील आहेस. हाजीसाहेब स्वतःसाठी भांडतात. त्यांना भीती आहे, की माझं खरं निघालं तर त्यांच्या बापजाद्यांचं काय. मला भीती, की त्यांचं खरं निघालं तर माझं काय. तुझं काय जातंय?"

मी उठलो असतो. बाबा पुन्हा पुस्तक मिटत होते, त्यांचा अंगठा पानात अडकला होता, आणि ते पान येशूच्या शेवटच्या दुःखसहनाचं होतं, एवढं मला वरच्या ओळीवरून कळलं. मी म्हणालो, "माझं काय जातं ते विचारताय? मग हे सांगा. क्रुसावर तो ओरडला. माझ्या देवा, तू मला का सोडलंस, म्हणून ओरडला. देव असं कुणाला विचारतो? स्वतःला?"

"ते जुन्या स्तोत्राचं पहिलं पद आहे," बाबा लगेच म्हणाले. "पहिलं पद म्हटलं की सगळं स्तोत्र म्हटल्यासारखं होतं. आणि ते स्तोत्र संपतं ते स्तुतीनं. म्हणजे..."

"हे तुम्ही मला सायकलवर शिकवलंय. मी तेव्हा मान डोलावली होती. आता नाही डोलावत. खिळे ठोकलेला माणूस शेवटच्या ओळीचा विचार करून पहिली ओळ म्हणत नाही, बाबा. आईला शेवटी श्वास लागत नव्हता तेव्हा ती 'देवा, कुठं आहेस' म्हणत होती, ते काही स्तोत्र नव्हतं. तुम्ही तिथंच होतात. तिला उत्तर आलं नाही. त्यालाही आलं नाही. ज्याला उत्तर येत नाही तो आमच्यातला माणूस. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. पण त्याला देव कुठून म्हणू?"

माझा आवाज चढला होता. भिंतीपलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

बाबांनी पानात अडकलेला अंगठा काढून घेतला. मग म्हणाले, "हे हाजीसाहेबांनी कधी विचारलं न्हाई."

"का?"

"ते म्हणतात, तो क्रुसावर चढलाच न्हाई; देवानं त्याला आधीच उचललं. आपल्या पैगंबराला देव असा सोडील, हे त्यांना सोसत न्हाई. म्हणून ते ह्या पानाशी येतच न्हाईत. मी बी त्यांना आणत न्हाई." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "ह्याला आज माझ्याकडं उत्तर न्हाई."

मी जिंकलो होतो आणि तिथंच थांबायला हवं होतं. तरी तोंडातून निघालं तेच, जे इतकी वर्षं अडकलं होतं. "हे मी तेव्हाच विचारलं असतं. स्टँडवर. तुम्ही भांडला नाहीत. डबा घेतला का विचारलंत. त्या माणसाशी रोज भांडता."

"हाजीसाहेबांशी हरलो तर माझी एक दुपार जाते," बाबा म्हणाले. "तुझ्याशी हरलो असतो, तर तू परत आला असतास का दिवाळीच्या सुट्टीत? मला वचनं पाठ होती. तुझी भीती वाटली."

ते उठून आत गेले. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आमचं बोलणं भाजी-मिठापुरतं होतं. बायकोनं मला दोन टोमणे मारले, तेही अर्ध्यावर सोडले.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी पोहे खात होतो. बाबा समोर येऊन बसले, दाढी केलेली. सकाळी.

"तुझ्याच शास्त्रानं बोलतो," ते म्हणाले. "इतिहासानं. ज्यांनी ते क्रुसाचं लिहिलं, त्यांना येशू देव आहे हेच सांगायचं होतं का न्हाई?"

"होतं."

"मग ते ओरडणं त्यांनी खोडलं का न्हाई? कोण अडवत होतं? सगळा दावा मोडील अशी ओळ, ती त्यांनी त्याच्याच भाषेत, जशीच्या तशी ठेवली. खोटं रचणारा माणूस असली ओळ ठेवत न्हाई."

घास माझ्या हातातच राहिला. हा मुद्दा मी वर्गात शिकवला होता, वेगळ्या राजांबद्दल : लिहिणाऱ्याला अडचणीची असलेली गोष्ट बहुधा खरी असते. त्यांनी तो स्वतःच्या वाटेनं काढला होता, बहुधा अंथरुणात, छताकडे बघत.

"त्यावरून ओरडणं खरं ठरतं," मी म्हणालो. "तो देव ठरत नाही."

"न्हाई ठरत," बाबा म्हणाले आणि माझ्या ताटलीतला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "पण एवढं ठरतं, की ज्यांनी ते ओरडणं ऐकलं, ते त्यानंतरबी त्याला देव म्हणाले. तुझ्यासारखं त्यांनाबी कळत होतं की उत्तर आलं न्हाई. तरी म्हणाले. का म्हणाले असतील, ते तू बघ. दुपारी बोलू."

दुपारी बोललो. दुसऱ्या दिवशीही बोललो. मी त्यांना पटवलं नाही आणि त्यांनी मला पटवलं नाही. ओरडणारा देव ही कल्पना मला अजूनही मान्य नाही, फक्त आता ती मला हास्यास्पद वाटत नाही. तो फरक मी बाबांना सांगितलेला नाही. ते त्याचा मुद्दा करतील.

हाजीसाहेब परतले ते हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन. गाडी पारापर्यंत जाऊन मागं मागं आली. बायकोनं कप काढले. मी शिष्टाचार म्हणून खुर्ची रिकामी केली आणि या वेळी आत न जाता ओसरीच्या कट्ट्यावर बसलो.

"मास्तर, पलंगावर पडून पडून मी असा माल जमवलाय," हाजीसाहेब म्हणाले, "की तुम्ही आता खुर्ची धरून बसा. मी नसताना गंज चढला असंल तुम्हाला."

"गंज न्हाई चढला," बाबा म्हणाले. "चालू होतं."

"कुणासंगं?"

"घरी."

हाजीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा हसराच होता, पण तसबीहचे, त्यांच्या जपमाळेचे, मणी बोटांत थांबले. "वा. प्रोफेसर मैदानात. आन मुद्दा कोणता निघाला?"

मी सांगायला तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "ते राहू द्या. तो आमचा घरचा विषय आहे."

"घरचा म्हंजे? पुस्तक तर एकच हाय."

"पुस्तक एकच. पण तुम्ही त्या पानावर येणार न्हाई, हाजीसाहेब, आणि मीबी तुम्हाला ओढणार न्हाई. तुमचा काय माल आहे तो काढा."

हाजीसाहेबांनी काढला, पण हात सैल होता. एक वचन अर्ध्यावर विसरले, दुसऱ्याला बाबांनी चटकन उत्तर दिलं तर नेहमीसारखी ओल दाखवली नाही. मधे दोनदा ते माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं बघत राहिले. अजान झाली तेव्हा ते हरत नव्हते, तरी उठायला त्यांनी उशीर लावला.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. पायरीवर काठी टेकून ते थांबले आणि बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "प्रोफेसर, खरं सांगा. काय इचारलं तुम्ही त्यांना?"

पडद्याआडून महिनोन् महिने मी ज्या चेहऱ्यानं ऐकत बसलो होतो, तो माझा चेहरा मला कधी दिसला नव्हता. आता समोर दिसत होता, पांढऱ्या दाढीसकट. त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी माझ्यावर एकदा दया केली होती, आणि माणूस चांगला आहे.

"विशेष काही नाही, हाजीसाहेब," मी म्हणालो, आणि पुढं होऊन त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. इतक्या आदरानं मी आजवर कुणाच्याच गाडीचं दार धरलेलं नाही.